उकडलेल्या अंड्यांचा पूल

युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला थंडीची, करांची किंवा चार डब्यांत कचरा वेगळा करायच्या नियमांची वाटत नाही एवढी धास्ती एका प्रश्नाची वाटते. "अगं, इतक्या जवळ राहता आणि अजून प्राग नाही बघितलं?" विचारणारी बाई हमखास पुण्याची असते. तिने बारा दिवसांत नऊ देश केलेले असतात. प्रागला तिने दुपारी दोन ते साडेचार एवढा वेळ दिलेला असतो आणि त्यातला पाऊण तास जेवणाचा असतो. पण तिने बघितलेलं असतं. आपण नाही.

आम्ही जर्मनीच्या बायर्न राज्यातल्या न्युरेंबर्गला राहतो. तिथून प्राग बसने साडेतीन-चार तास. इतकं जवळचं काहीही बघायचं राहूनच जातं. मुंबईत जन्म काढून घारापुरीची लेणी न बघितलेली माणसं माझ्या माहेरीच आहेत. शिवाय मुलांची शाळा. जर्मनीत शाळा बुडवणं हे 'ताप होता' अशा चिठ्ठीवर मिटणारं प्रकरण नाही. सुट्टी लागायच्या आधीच शाळेच्या वयाची मुलं घेऊन विमानतळावर दिसलेल्या आईबापांना बायर्नचे पोलीस हटकतात, आणि परवानगी नसेल तर गोष्ट दंडापर्यंत जाते. म्हणून ऑक्टोबरअखेरची शरद ऋतूची सुट्टी लागली की सगळं बायर्न एकाच सकाळी, कायद्याने, घराबाहेर पडतं. प्रागच्या चौकात मग झेक भाषा ऐकायची असेल तर वाट बघावी लागते.

त्या वर्षी सुट्टीच्या पाठोपाठच दिवाळी होती, आणि कऱ्हाडहून सासू-सासरे आलेले होते. तेव्हा ठरलं: प्राग, मग व्हिएन्ना, आणि लक्ष्मीपूजनाच्या आत घरी.

मंडळींची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे जे काही बघितलं ते प्रत्येकाने स्वतःच्या मापाने बघितलं. आजोबा एसटीत होते. वाहक म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांना इतिहासाचं वेड आहे, पण त्यांच्या इतिहासाचं मुख्य स्थानक १६३० हे आहे. जगातलं कुठलंही साल सांगा, ते शिवजन्माच्या आधी किती आणि नंतर किती, हे सांगूनच ते पुढे सरकतात. आजी प्रत्येक किंमत रुपयांत आणि प्रत्येक दिवस तिथीत करून घेते. तिच्या पिशवीत दाते पंचांग होतं. माझा नवरा कुठलीही वास्तू बघण्याआधी लोकांनी तिला किती तारे दिलेत ते बघतो आणि नंतर स्वतःचे देतो. थोरली बारा वर्षांची, म्हणजे सांगितलेली कुठलीही गोष्ट फोनवर पडताळल्याशिवाय खरी मानणार नाही. धाकटा सात वर्षांचा. त्याचा प्रश्न एकच: "इथून कोण पडलं?"

प्रागला पोचलो त्याच रात्री घड्याळं बदलणार होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे पुन्हा दोन वाजतात, हे मी जेवताना सहज बोलून गेले. आजोबांनी घास खाली ठेवला. "मग रातराणीचं काय करतात?" मला कळेना. "अरे, जी गाडी तेव्हा रस्त्यात आहे तिचं काय? ती पुढच्या स्टँडवर तासभर आधी पोचणार!" थोरलीने शोधलं. जर्मनीत त्या रात्री धावणाऱ्या रेल्वेगाड्या सोयीच्या स्थानकावर तासभर उभ्या करून ठेवतात. "म्हणजे वेळेवर पोचायला गाडी थांबवून ठेवतात," आजोबा म्हणाले. नोकरीतली सगळी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आता सापडलं, असा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी लॉगशीटवर दोनदा आलेला दोनचा ठोका कसा लिहितात ते विचारलं. ते कुणालाच सांगता आलं नाही. त्यांना झोप उशिरा लागली. किती उशिरा, हे त्या रात्री सांगणंही अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वेळेनुसार आम्ही जुन्या घड्याळापुढे उभे होतो. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचं हे खगोलीय घड्याळ १४१० सालचं. ("शिवजन्माला दोनशे वीस वर्षं," आजोबा.) तासाचा ठोका पडायच्या आधी पंधरा मिनिटं खाली माणसांचा समुद्र गोळा होतो. सगळे हात वर, सगळ्या हातांत फोन. पाकीटमारांनाही वेळापत्रक पाठ असतं, त्यामुळे सावध प्रवासी एक हात वर आणि एक हात खिशावर अशा मुद्रेत उभा राहतो. मग एक सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांमधून बारा प्रेषित ओळीने डोकावून जातात, आरसा धरलेला गर्विष्ठ आणि थैली धरलेला कंजूष माना हलवतात, कोंबडा घोगऱ्या आवाजात आरवतो, आणि संपतं. तुम्ही फोन सरळ करेपर्यंत संपतं. गर्दीत सगळ्या भाषांमध्ये एकच वाक्य उमटतं, "एवढंच?"

नवऱ्याने तिथल्या तिथे तीन तारे दिले. पण आजी हलेना. तिचं लक्ष वरच्या बाहुल्यांकडे नव्हतंच, त्यांच्याखालच्या खगोलीय तबकडीकडे होतं. त्या तबकडीवर राशिचक्र आहे, सूर्य कुठल्या राशीत आहे ते दाखवणारी सोन्याची खूण आहे, चंद्राच्या कला दाखवणारा गोळा आहे, आणि सगळ्यात बाहेर सूर्यास्तापासून चोवीस तास मोजणारं कडं आहे, कारण जुन्या बोहेमियात दिवस सूर्य मावळला की संपायचा. "हे पंचांगच आहे की!" आजी म्हणाली. आम्ही बसने इतक्या लांब आल्याचं चीज झालं असं वाटलं, तोवर तिने पिशवीतून दाते काढलं, तबकडीकडे बघितलं, पुन्हा दात्यांकडे बघितलं आणि जाहीर केलं, "चुकलंय. रवी तुळेत आहे. हे वृश्चिक दाखवतंय."

आता इथे सायन आणि निरयन यांचा वाद होता. पाश्चात्त्यांची राशिगणना वसंतसंपातापासून, आपली ताऱ्यांपासून, आणि दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर पडलेलं आहे. मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण सहाशे वर्षांत कुणी येऊन दुरुस्त करायला नको?" दंतकथा सांगते की हे घड्याळ बनवणाऱ्या हानुश नावाच्या कारागिराने दुसऱ्या गावाला असंच घड्याळ करून देऊ नये, म्हणून नगरपालांनी त्याचे डोळे काढले. पुढच्या संशोधनात निघालं की मूळ कर्ता हानुश नव्हेच, कादान गावचा मिकुलाश. थोरलीने हे वाचून दाखवताच धाकट्याने विचारलं, "मग डोळे कुणाचे काढले?" शंका वाजवी होती.

घड्याळाकडून चार्ल्स पुलाकडे जाताना रस्ताभर साखर-दालचिनी जळल्याचा वास येतो. लोखंडी दांड्याला कणकेची पट्टी गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजायची, साखरेत लोळवायची आणि पोकळीत आइस्क्रीम भरायचं, ते 'त्रदेल्निक'. प्रत्येक दुकानावर 'प्राचीन बोहेमियन पक्वान्न' अशी पाटी. थोरलीने दोन मिनिटांत त्याचं प्राचीनत्व खलास केलं: हे मूळ स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचं, आणि प्रागच्या रस्त्यांवर त्याचा सुळसुळाट झाला तो मागच्या पंधरा-वीस वर्षांत. तोवर धाकट्याच्या नाकाला आइस्क्रीम लागलेलं होतं. आजीने सव्वाशे कोरुनाचे रुपये केले आणि उरलेला अर्धा स्वतः संपवला, वाया जायला नको म्हणून.

पूल मात्र खरोखर जुना आहे. चौथ्या चार्ल्स राजाने त्याची पायाभरणी १३५७ साली केली. ("बहमनी राज्य दहा वर्षांचं होतं तेव्हा.") ज्योतिषांचा सल्ला घेऊन त्याने ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांचा मुहूर्त धरला, असं प्रागमध्ये सांगतात. साल, तारीख, महिना, तास, मिनिटं ओळीने मांडली की १३५७९७५३१ असा आकडा होतो, पुढून वाचा नाहीतर मागून. हे कळल्यावर आजीचं झेक लोकांबद्दलचं मत झटक्यात सुधारलं. राशींचं गणित चुकलं असेल, पण मुहूर्ताला मानणारी माणसं आहेत.

पुलाची दुसरी कथा त्याहून मोलाची. चुना घट्ट धरावा म्हणून त्यात अंडी घालायचं ठरलं. इतकी अंडी एकट्या प्रागमध्ये कुठून मिळणार? राजाने आसपासच्या गावांना फर्मान काढलं की अंडी पाठवा. गाड्या भरभरून अंडी आली. वेल्वारी नावाच्या गावाने मात्र वाटेत फुटू नयेत म्हणून सगळी अंडी उकडून पाठवली. तेव्हापासून प्रागकर वेल्वारीकरांना हसतात. आणखी एका गावाने म्हणे चीज पाठवलं होतं, पण प्रसिद्धी वेल्वारीला मिळाली.

मी ही गोष्ट अगदी रंगवून सांगितली. धाकटा हसला, थोरलीसुद्धा हसली. आजी हसली नाही. "यात हसण्यासारखं काय आहे? फर्मानात लिहिलं होतं का कच्ची पाठवा म्हणून? ज्याने पाठवली त्याने विचार करून पाठवली." एवढं बोलून तिने पिशवीत हात घातला आणि कागदी रुमालात गुंडाळलेली, सकाळच्या न्याहारीला हॉटेलातून उचललेली उकडलेली अंडी बाहेर काढली. "प्रवासात हीच बरी. फुटत नाहीत." अशा रीतीने, पायाभरणीनंतर साडेसहाशेहून अधिक वर्षांनी, वेल्वारीची बाजू घेणारं कुणीतरी चार्ल्स पुलावर उभं राहिलं आणि मीठ आहे का म्हणून विचारू लागलं.

पुलावर दोन्ही बाजूंना मिळून ३० पुतळे आहेत. त्यांतला सगळ्यात जुना, १६८३ चा, संत यान नेपोमुकचा. ("संभाजीराजांचा काळ.") या धर्मगुरूला १३९३ साली राजाच्या हुकमावरून इथूनच व्ल्तावा नदीत फेकलं. राणीने कबुलीजबाबात काय सांगितलं ते तो राजाला सांगेना, ही त्यावरची लोकप्रिय कथा. पुतळ्याखालच्या ब्राँझच्या पट्टीला हात लावला की नशीब उघडतं, म्हणून असंख्य हातांनी ती जागा झळझळीत झाली आहे. जवळच्याच दुसऱ्या पट्टीवर एक कुत्रा आहे. त्याचा नेपोमुकच्या नशिबाशी काही संबंध नाही, पण मुलांनी घासून घासून तोही चमकवला आहे. धाकट्याने चौकशी केली, "हा पडला तो वाचला का?" वाचला नाही. "मग मी कुत्र्यालाच हात लावतो."

मग प्रागच्या किल्ल्यावर जायला ट्राम पकडली आणि आजोबांच्या आयुष्यातला कसोटीचा क्षण आला. प्रागच्या ट्राममध्ये ६५ वर्षांवरच्यांना आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. वयाचा पुरावा जवळ असला की झालं. आजोबा एकाहत्तर वर्षांचे. महाराष्ट्रात एसटीला त्यांना अर्धं तिकीट पडतं. पूर्ण माफी ७५ नंतर. "इथे चार वर्षं आधीच?" ते दारातच अडले. आयुष्यभर ज्यांनी विनातिकीट माणसं खाली उतरवली त्यांना स्वतः विनातिकीट बसवणं सोपं नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. इथे वाहक नसतो, प्रवाशानेच यंत्रात तिकीट घालून शिक्का मारून घ्यायचा असतो आणि तो नसेल तर साध्या वेशातला तपासनीस दंड करतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी आमची दोघांची तिकिटं हातातून घेतली, यंत्रात घालून खट्-खट् आवाज काढला, शिक्के प्रकाशात धरून तपासले आणि "चला" म्हणाले. आम्ही मुकाट्याने पुढे सरकलो. बाकीचे प्रवासी कौतुकाने बघत होते. एका बाईंनी तर स्वतःचं तिकीटही त्यांच्या हातात दिलं.

किल्ल्यातलं संत व्हिटस कॅथेड्रल १३४४ मध्ये बांधायला घेतलं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं. मध्ये पहिला वास्तुरचनाकार वारला, दुसऱ्याने मोठं काम केलं, मग युद्धं झाली, पैसे संपले, आणि मुख्य मनोरा नुसताच उभा राहून शतकानुशतकं बाकीच्या इमारतीची वाट बघत राहिला. आजोबांनी बोटांवर हिशेब केला. ५८५ वर्षं. "आमच्याकडच्या उड्डाणपुलाबद्दल मी अर्ज केलाय," ते म्हणाले, "तो मागे घ्यावा म्हणतो."

पण प्राग किल्ल्याचा खरा ऐवज कॅथेड्रल नाही. तो शेजारच्या जुन्या राजवाड्यात आहे आणि तो म्हणजे एक खिडकी. २३ मे १६१८ रोजी चिडलेले प्रोटेस्टंट सरदार इथल्या कचेरीत घुसले आणि सम्राटाचे दोन कॅथलिक कारभारी, स्लावाता आणि मार्टिनित्झ, यांना त्यांनी खिडकीबाहेर फेकलं. मग तिथे उभा होता म्हणून त्यांचा चिटणीस फाब्रिसियस यालाही फेकलं. उंची सुमारे २१ मीटर. म्हणजे सहा-सात मजले. धाकट्याला मी उचलून खिडकीजवळ नेलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो पूर्णपणे गप्प होता.

"वाचले?"

"वाचले. तिघंही."

"कसे?"

इथे युरोपचे दोन तट पडतात. कॅथलिक म्हणाले, प्रत्यक्ष माता मेरीने त्यांना अलगद झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली शेणाचा ढीग होता. दोन्ही बाजूंनी पत्रकं छापली. भिंतीच्या पायथ्याशी उतार होता आणि अंगावर जाड झगे होते, असं शहाणे इतिहासकार सांगतात. पण शहाण्या इतिहासकारांसाठी कुणी रांग लावत नाही. आमच्यातही मतभेद झाले. आजीने मेरीच्या बाजूने कौल दिला. देवीचं नाव काही असो, ती झेलते, हा तिचा अनुभव. धाकट्याने शेणाच्या बाजूने दिला आणि पुढचा अर्धा तास त्या शेणाची खोली, ताजेपणा आणि जनावर कुठलं याबद्दल प्रश्न विचारले. किल्ला दाखवणाऱ्या बाईंनी हे सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्याकडे सात वर्षांची मुलं रोज येत असावीत.

"१६१८," आजोबा म्हणाले, "शिवजन्माला बारा वर्षं." या घटनेवरून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं, त्यात मध्य युरोप उजाड झाला, लाखो माणसं गेली आणि १६४८ मध्ये तह झाला. "म्हणजे महाराजांनी पुरंदराखाली फत्तेखानाला पळवलं त्या साली." खिडकीतून पडलेल्या चिटणीसाचं पुढे काय झालं, ते मी सांगितलं: तो उठला, कपडे झटकले, व्हिएन्नाला जाऊन सम्राटाला खबर दिली, आणि पुढे त्याला सरदारकी मिळाली ती 'फॉन होहेनफाल' या किताबासह, म्हणजे उंचावरून पडलेला. आजोबा थक्क झाले. "पडला म्हणून बढती? आमच्या खात्यात पडला असता तर आधी खिडकीच्या नुकसानीची वसुली लावली असती."

मला राहून राहून वाटतं, शाळेत युरोपचा इतिहास आम्हाला उलट्या टोकाने शिकवला. 'तीस वर्षांच्या युद्धाची पाच कारणे लिहा' या प्रश्नाला मी तेव्हा पाच कारणं लिहिली होती आणि त्यातलं एकही मला आज आठवत नाही. शेण कुठल्याच उत्तरात नव्हतं. धाकट्याला मात्र साल, खिडकी, तिघांची नावं आणि तहाची तारीखही पाठ आहे, कारण त्याला त्या तिघांचे कपडे कुणी धुतले हे जाणून घ्यायचं आहे आणि त्या शोधात बाकीचं सगळं वाटेत लागलं.

व्हिएन्नाला आगगाडीने चार तास. तिथे उतरल्यावर पहिला मोझार्ट भेटला. तिथल्या स्टेफान कॅथेड्रलच्या चौकात पांढऱ्या केसांचे टोप आणि लाल जरीचे कोट घातलेले तरुण मैफलींची तिकिटं विकत हिंडतात. दर वीस पावलांवर एक मोझार्ट. आजीने एकाच्या कोटाचं कापड चिमटीत धरून बघितलं, "पातळ आहे रे, थंडी वाजत असेल," असं त्याला मराठीत सांगितलं आणि चकली दिली. पुढचे सगळे मोझार्ट आमच्या मागे येऊ लागले, तिकिटांसाठी की चकलीसाठी ते सांगता येत नाही.

शोनब्रुन राजवाड्याच्या दारात नवऱ्याने फलक वाचला, "१४४१." आजोबा लगेच म्हणाले, "शिवजन्माला एकशे एकोणनव्वद." "बाबा, साल नाही ते. खोल्या आहेत." त्यांतल्या चाळीसेक लोकांना दाखवतात आणि तेवढ्या पुरतात. इथे मारिया टेरेसाने १७४० ते १७८० अशी चाळीस वर्षं राज्य केलं आणि सोळा मुलं वाढवायला घेतली. आजी एका चित्रापुढे थांबली. "सोळा? आणि राज्यही?" थोडा वेळ गेला. "दाया किती होत्या, ते कुठे लिहिलंय का बघ." लिहिलेलं नव्हतं. राजवाड्यातली प्रत्येक बशी कुणाची, ते लिहिलेलं होतं.

१७६२ च्या ऑक्टोबरात सहा वर्षांचा मोझार्ट इथे वाजवायला आला होता. ("पानिपताच्या पुढच्या वर्षी.") वाजवून झाल्यावर तो उडी मारून राणीच्या मांडीवर बसला. गुळगुळीत लाकडी जमिनीवर तो घसरला तेव्हा राणीची त्याच्याच वयाची मुलगी मारी आंत्वानेत हिने त्याला उठवलं आणि तो म्हणाला, 'मोठा झालो की तुझ्याशी लग्न करीन,' अशीही कथा आहे. धाकट्याचे डोळे चमकले. मोझार्टसुद्धा पडला होता! त्यानंतर ऑडिओ गाइडमध्ये त्या माणसाबद्दल जे काही होतं ते सगळं त्याने ऐकलं. "तिचं पुढे काय झालं?" मी काही बोलायच्या आत थोरलीने १७९३ आणि गिलोटिन एका दमात सांगून टाकलं. "म्हणजे मोझार्टशीच करायला हवं होतं," आजी म्हणाली.

स्टेफान कॅथेड्रलच्या मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. त्या नवरा चढला आणि वरून दिसलेल्या दृश्याला चार तारे देऊन उतरला. आम्ही खाली मुख्य दाराशी होतो. भिंतीत दोन लोखंडी पट्ट्या बसवलेल्या आहेत, दोन वेगवेगळ्या लांबीच्या. हे जुन्या व्हिएन्नाचे कापडाचे गज. व्यापाऱ्याने कमी कापड मोजलंय अशी शंका आली की गिऱ्हाइकाने इथे येऊन ताडून बघायचं. बाजूला भिंतीवर गोल खूण आहे, ती पावाच्या मापाची असं सांगतात. पावात कसूर करणाऱ्या बेकरीवाल्याला पिंजऱ्यात घालून नदीत बुचकळून काढत. आजीने ओढणीचं टोक एका पट्टीला लावून मापलं. देवळाच्या भिंतीवर ग्राहक मंच ठेवणारं शहर तिला एकदम आपलं वाटायला लागलं. आत न जाता ती तिथेच उभी राहिली, आणि आम्ही रंगीत काचा बघून आलो तेव्हा ती एका ऑस्ट्रियन बाईंचा नवा मफलर त्यांच्या समक्ष मोजत होती.

केकचं प्रकरण मात्र सांगायलाच हवं. १८३२ मध्ये मुख्य आचारी आजारी पडल्याने फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवाराने ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्या पाहुण्यांसाठी चॉकलेटचा केक केला. ("१८३२! बाळशास्त्रींचं 'दर्पण' निघालं!" आजोबांनी टेबलावर हात मारला. शेजारच्या जपानी कुटुंबाने दचकून कप धरले.) पुढे खरा झाखर केक कुणाचा यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल हे मिठाईचं दुकान कोर्टात गेले. जर्दाळूचा मुरांबा केकच्या मधोमध हवा की नुसता वरच्या थराखाली, यावर वकील लढले. १९६३ मध्ये समेट झाला: 'मूळ' हा शब्द हॉटेलला, त्रिकोणी शिक्का दुकानाला. आम्ही दोन्हीकडचा घेतला. आजीने दोन्ही घास शांतपणे चघळले. "कोरडा आहे. म्हणून बाजूला साय देतात." मग दोन्ही बश्यांतली साय संपवून तिने निकाल दिला, "मुरांबा बरा आहे. भांडण मुरांब्याचंच होतं ना? बरोबर होतं."

शेवटच्या संध्याकाळी प्राटरमधलं मोठं चक्र. १८९७ चं. आजोबांना गणित करावं लागलं नाही. साल कानावर पडताच ते ताठ झाले. "चापेकरांनी रँडला गोळी घातली ते वर्ष! तिकडे हे घडत होतं आणि इथे लोक पाळण्यात बसत होते?" पाळणा म्हणजे आगगाडीच्या डब्याएवढी लाकडी खोलीच असते. मूळच्या तीस डब्यांपैकी युद्धानंतर पंधराच परत लावले. चक्र इतकं सावकाश फिरतं की ते फिरतंय हे कळायला खाली बघावं लागतं. आम्ही वर जाऊ लागलो आणि अपेक्षित प्रश्न आला.

"इथून कोण पडलं?"

थोरलीने शोधलं. पडल्याचं नाही, पण १९१४ मध्ये एका फ्रेंच सर्कसवालीने चित्रपटासाठी डब्याच्या टपावर घोडा उभा केला आणि त्यावर बसून एक पूर्ण फेरी मारली.

डब्यात काही क्षण कुणी बोललं नाही. आजोबा "१९१४ म्हणजे..." असं म्हणत होते, पण टिळक मंडालेहून सुटले हे धाकट्यानेच सांगून टाकलं, दोन शहरांत तो तेवढं शिकला होता. आजीने छताकडे बघितलं. "बाई बसली ते कळलं. घोड्याला कुणी विचारलं होतं का?"

खाली उतरल्यावर नवऱ्याने चक्राला चार तारे दिले. पाचवा का कापला म्हणून विचारलं तर म्हणाला, "आता घोडा नाही."